सिंगापूरच्या त्या टेबलावर रोज कोण बसतं?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला कुणी अक्कल शिकवायला नको. भूत, करणी, चकवा, देवाचा कौल... यातलं काहीही मी मानत नव्हतो, आणि आजही मानत नाही. जुन्नर तालुक्यात पिंपरी पेंढारला हायवेला लागून माझं कृषी सेवा केंद्र आहे. टोमॅटोच्या प्लॉटला नजर लागू नये म्हणून काळी बाहुली उलटी टांगायची, आणि करपा आला की माझ्याकडे पळत यायचं – अशी गिऱ्हाइकं मी रोज बघतो. त्यांना मी तोंडावर सांगतो, बाहुलीनं करपा गेला असता तर मी दुकानात बाहुल्याच ठेवल्या असत्या. बायको म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. नसेल.

या ग्रुपवरचे अनुभवही मी खरं तर हसायलाच वाचतो. राग मानू नका, पण निम्म्या लोकांना पित्त झालेलं असतं. तरी आज स्वतःच लिहायला बसलोय, कारण विचार करून करून डोक्याचा पार भुगा झालाय, आणि ज्यांना सांगितलं त्यांनी प्रत्येकानं आपल्याला हवा तो अर्थ काढून घेतला. मला एकही अर्थ लागलेला नाही.

गोष्ट माझ्या थोरल्या भावाची आहे. का माझीच आहे, तेही धड सांगता येत नाही.

आम्ही त्याला दादा म्हणायचो. दादाचा टेम्पो होता, गावातला माल मंचरच्या मार्केटला न्यायचा. चौदा वर्षांपूर्वी असाच कांदा घेऊन गेला. माल उतरवला, टेम्पो पंक्चरच्या दुकानापुढं लावला, किल्ली पंक्चरवाल्याच्या हातात दिली, "चहा घेऊन आलोच" म्हणाला... आणि आलाच नाही. भांडण नाही, देणं नाही, बाईची भानगड नाही, आजार नाही. नाकासमोर चालणारा माणूस. पोलिसात मिसिंगची तक्रार दिली. कुणी म्हणालं भीमाशंकरला साधूंच्या घोळक्यात दिसला, कुणी म्हणालं ओझरला देवळाबाहेर बसतो. दोन्हीकडं खेटे घालून झाले. बिबट्यानं नेला असंही लोक बोलले – भर मार्केटमधून, दिवसाढवळ्या. लोकांचं काय जातंय बोलायला.

मागं राहिली आमची आई आणि दादाची बायको, मंदावहिनी. मूलबाळ नाही. वहिनींचं शिलाईचं दुकान माझ्या शेजारच्याच गाळ्यात आहे. आसपासच्या चार गावांतल्या बायका ब्लाऊज शिवायला त्यांच्याकडंच येतात. पण त्याच बायका संक्रांतीला मात्र अडायच्या. नवरा आहे म्हणावं तर आहे कुठं, आणि नाही म्हणावं तर कशावरून? वहिनींना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून हळूहळू सगळ्यांनी बोलवायचंच सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावचे एक गृहस्थ आले. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान, बायको वारलेली, माणूस सरळ. वहिनींना मागणी घालायला आलोय म्हणाले. वहिनी मान खाली घालून "तुम्ही बघा" एवढंच बोलल्या, पण त्या दिवशी त्यांची मशीन जरा जोरात चालली. मला एवढं कळतं.

भावकी बसली. भावकीचं म्हणणं, आधीचा नवरा मेला असं धरल्याशिवाय बाईचं दुसरं लग्न लावायचं कसं? आमच्याकडं बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की त्याच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा करतात. भावानं किंवा मुलानं त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा, मग दहावं, तेरावं. ते झालं की तो मेला. माझ्या दृष्टीनं हा शुद्ध खुळचटपणा. पण त्यानं एका बाईचा संसार मार्गी लागत असेल तर एक सोडून दहा पुतळे जाळा, माझं काय म्हणणं नव्हतं. आई मात्र अडून बसली. "माझ्या जित्या पोराला जाळाय निघालाय का?" असं म्हणायची आणि तोंड फिरवायची. शेवटी एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "करा काय करायचं ते." त्यानंतर तिनं आमच्याशी बोलणंच टाकलं, जेवणही नावापुरतं.

आणि नेमकी तेव्हाच माझी सिंगापूरची टूर आली. बियाण्याच्या कंपनीची स्कीम असते, ठरलेला माल उचलला की दुकानदाराला फॉरेन टूर. मी आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर निघालो होतो, पासपोर्टही कोरा करकरीत. ठरलं असं की मी परत आलो की पुतळ्याचा विधी. अग्नी मलाच द्यायचा होता.

आणखी एक गोष्ट इथंच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दादाचा आणि माझा तोंडावळा एकच. बाजारात लोक त्याला मी समजून शिव्या द्यायचे आणि मला तो समजून चहा पाजायचे. फरक फक्त दोन. दादा गेल्यानंतरच्या वर्षी फवारणीच्या पंपाची नळी सुटून माझ्या डाव्या भुवईवर बसली, तिथं आडवा व्रण आहे. दादाला तसला व्रण नव्हता. आणि दादाची एक खोड होती. चहा पिऊन झाला की कप बशीत उपडा ठेवायचा. आई ओरडायची, घरातली लक्ष्मी उपडी करतोस म्हणून. त्याची सवय काही गेली नाही.

तर सिंगापूर. टूरवर माझ्या खोलीत होते मंचरचे शांतिलालशेठ. मारवाडातून यांचे पणजोबा आले, पण शेठ आता आमच्यापेक्षा गावरान बोलतात. दुकानात बियाणं आणि खत ठेवतात, किडीचं औषध ठेवत नाहीत, जीव मरतो म्हणून. बॅगेत निम्मे खाकरे. पहिल्याच दिवशी रस्त्यावर उभे राहून मला म्हणाले, राव, इथं धूळच नाही, ही माणसं कपडे धुतात तरी कशाला? आमचं हॉटेल होतं लिटल इंडिया भागात. तिथं एकाच रस्त्याला देवीचं देऊळ, जरा पुढं मशीद, वळलं की चिनी लोकांचं देऊळ, आणि सगळ्यांची माणसं एकाच सिग्नलला मुकाट थांबलेली. कुणी हॉर्न वाजवत नाही. आमच्या आळेफाट्याला असं पाच मिनिटं झालं तर लोक म्हणतील, कुणी पुढारी गेला वाटतं.

हॉटेलच्या मागं खाण्याचा एक मोठा हॉल होता. एका छपराखाली गाळे – एक चिनी भाताचा, एक मलाय बाईचा, एक तमिळ डोशाचा – आणि मधली टेबलं सगळ्यांची मिळून. चहा-कॉफीचा गाळा एका चिनी म्हाताऱ्याचा. त्याला सगळे अंकल म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच फिरत फिरत तिथं गेलो. रस्त्याकडेच्या टेबलावर बसलो. मी अजून काही मागितलंही नव्हतं, तेवढ्यात अंकलनं माझ्यापुढं जाड कपात कोरी कॉफी आणून ठेवली. बिनसाखरेची. मला दूध-साखर सढळ लागते. पण म्हटलं इथली पद्धत असेल, आणि परमुलखात आल्या आल्या भांडण नको. तोंड वाकडं करत प्यालो, पैसे ठेवले आणि उठलो.

अंकलनं मला थांबवलं. हसत हसत आला, माझा रिकामा कप उचलला आणि बशीत उपडा ठेवला. मग म्हणाला, "एव्हरी डे यू डू. टुडे फर्गेट?"

माझं इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं. तरी एवढं कळलं. मी त्याला म्हटलं, मी काल आलोय, पहिल्यांदा आलोय. तो हसतच राहिला. मान हलवत म्हणाला, रोज सकाळी येतोस, याच टेबलावर बसतोस, कोरी पितोस, कप असा ठेवतोस. बोलत नाहीस जास्त. मी परत खुर्ची ओढून बसलो. कारण अशी कोरी, बिनसाखरेची, कप उपडा ठेवून... दूध पचायचं नाही म्हणून दादा घरी कोरा चहाच प्यायचा हो.

दादा जिवंत आहे. इथं आहे. डोक्यात दुसरं काही येईना. कसा आला, कशानं आला, ते नंतर बघू. मी मोबाईल काढला. माझ्या लग्नातला दादाचा फोटो त्यात आहे, फेटा बांधलेला. तो मोठा करून अंकलपुढं धरला आणि विचारलं, हाच ना? धिस मॅन?

अंकलनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि सरळ नाही म्हणाला. "नॉट धिस. यू." मी परत विचारलं, तो परत नाही. मग त्यानं हात पुढं केला आणि बोटानं माझ्या भुवईवरचा व्रण दाखवला. रोज येतो त्याला हे आहे. फोटोतल्या माणसाला नाही.

आता सांगा. खोड दादाची, व्रण माझा. आणि तो व्रण दादानं कधी बघितलेलासुद्धा नाही.

खोलीवर येऊन शेठना सगळं सांगितलं. शेठ हुशार माणूस, म्हणाले, भाऊ, आपल्याला सगळे चिनी एकसारखे दिसतात का नाही? तसे त्याला आपण सगळे एकसारखे दिसत असणार. कुणीतरी दुसरा आपल्याकडचाच येत असेल. पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. पण तो जो कुणी येतो तो बघितल्याशिवाय आता मला चैन पडणार नव्हतं. आईला तोंड दाखवायचं होतं. पुतळ्याला अग्नी देऊन झाल्यावर तो माणूस कुठंतरी जिवंत कॉफी पितोय असं निघालं असतं तर मी काय केलं असतं?

त्याच्या दुसऱ्या दिवशी टूरची बस मोठ्या पाळण्यांच्या पार्कला गेली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं, आणि या वयात मला उलटं टांगून घ्यायचं नाही म्हणत शेठही माझ्याबरोबर राहिले. सकाळपासून आम्ही त्या टेबलाच्या शेजारच्या टेबलावर ठाण मांडलं. शेठ खाकरा खात, मी दूध-साखरेची कॉफी पीत. किती माणसं आली आणि गेली. चिनी म्हाताऱ्या, तमिळ कामगार, एक बांगलादेशी टोळकं, ऑफिसची पोरं-पोरी. तो आला नाही. दुपार व्हायला लागली तेव्हा मी वैतागून अंकलला विचारलं, आज आला नाही का तो? अंकलनं माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण दुकानात येऊन 'मी कुठाय' असं विचारणाऱ्या माणसाकडं बघू. म्हणाला, आलाय की. हा काय बसलाय.

शेठ हसले. मी नाही हसलो. कारण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातला हिशेब बरोबर होता. मी तिथं बसलोय तोवर त्याच्या दृष्टीनं तो आलेलाच असणार. मग मी बाजूला व्हायला पाहिजे.

शेवटच्या दिवशी सकाळ खरेदीसाठी मोकळी होती. आम्ही ठरवलं, शेठनी हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर बसायचं आणि मी रस्त्याच्या पलीकडं थांबायचं. समोरच एक मोगऱ्याच्या माळांचं दुकान होतं. तिथं उभा राहिलो की ते टेबल सरळ दिसायचं. शेठना बजावून सांगितलं, कुणी येऊन बसला की मला फोन करा.

मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. टेबल रिकामं होतं. मी एकदाही नजर हलवली नाही असा दावा करणार नाही, कारण फुलवालीनं दोनदा विचारलं काय पाहिजे म्हणून, आणि एक टेम्पोही मध्ये उभा राहून गेला. पण माणूस येऊन, बसून, कॉफी पिऊन जाईल एवढा वेळ माझं लक्ष नव्हतं असं झालेलं नाही. याची मी शपथ घ्यायला तयार आहे.

आणि मग शेठ हॉलमधून बाहेर आले. रागानं लाल. रस्ता ओलांडून थेट माझ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, हे काय वागणं झालं? यायचंच होतं तर मला तिथं खाकरे खात बसवलं कशाला? आलात, बसलात, कॉफी प्यालात, मी हाक मारतोय तर ओळख नाही. आणि जाताना असलं काहीतरी विचारून गेलात.

मी म्हटलं, शेठ, मी इथंच उभा आहे. फुलवालीला विचारा.

शेठनी माझ्याकडं नीट बघितलं. मग मागं वळून हॉलकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला, तो काही नाटकाचा नव्हता. हळूच म्हणाले, "भाऊ... मंदा कोण?"

 मी विचारलं, काय म्हणाला तो?

शेठ म्हणाले, मी विचारलं काय झालं भाऊ, बोलत का नाही. तर उठता उठता म्हणाला, "मंदाला विचारलं का?" एवढंच. आवाज जरासा बसल्यासारखा होता, मला वाटलं एसीनं तुमचा घसा धरलाय. मी म्हटलं कोण मंदा, तर निघून गेला.

आता हे ऐका. आमच्या घरात वहिनींना नावानं कुणीही हाक मारत नाही. मी वहिनी म्हणतो, माझी बायको ताई म्हणते, आई अगं, पोरी असं काहीही म्हणते पण नाव घेत नाही. मंदा म्हणणारा एकच माणूस होता. शेठचा आणि आमच्या घराचा संबंध नाही, टूरवरच पहिल्यांदा भेट झाली. दादाची गोष्ट त्यांना मी सांगितली होती, पण त्यातही वहिनी असंच म्हणालो होतो. झोपेत बडबडलो असेन? असेन बुवा. शेठ म्हणतात तुम्ही फक्त घोरता.

आम्ही दोघं पळत हॉलमध्ये गेलो. टेबलावर जाड कप होता, बशीत उपडा. मी हात लावला. कोमट होता. शेठना मी खोदून खोदून विचारलं, भुवईवर व्रण होता का? तर ते चिडले. म्हणाले, तोंड तुमचं होतं, शर्ट तुमच्यासारखाच होता, बरोबर राहणाऱ्या माणसाच्या भुवया कोण तपासत बसतं?

आता तुम्ही विचाराल सीसीटीव्ही का नाही बघितला. विचारलं. कॅमेरा बिल्डिंगचा आहे, आमच्याकडं काही नाही, असं अंकल म्हणाला, आणि बिल्डिंगचं ऑफिस रविवारचं बंद. संध्याकाळी आमचं विमान. शेठनी फोटो का नाही काढला? शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या माणसाचा कॉफी पिताना कुणी फोटो काढतं का? अंकलला मी माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं. सांगितलं, तो आला की याच्यावर फोन कर. अंकलनं कार्डावरचा माझा फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि मान डोलावून खिशात ठेवलं. त्याला नक्की काय वाटलं देव जाणे.

विमानात मला झोप लागली नाही. शेठनासुद्धा नाही. मनात एकच – मंदाला विचारलं का? काय विचारायचं? आणि विचारलं नाही कसं म्हणता, मागणी आली तेव्हा विचारलं होतं की. त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही बघा. मग आम्ही बघितलं. भावकीनं बघितलं, गुरुजींनी मुहूर्त बघितला, आईला मनवलं, पळसाची पानं कुणी आणायची तेसुद्धा ठरलं. सगळं ठरलं. पुतळा करायचा का, हे त्यांना विचारल्याचं मात्र मला काही केल्या आठवेना.

घरी आल्यावर मी आधी वहिनींच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्या कुणाच्या तरी ब्लाऊजला हुक लावत होत्या. मी सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. त्या ऐकत होत्या आणि हात चालू होता. कपाचं सांगितलं तेव्हा सुई थांबली. विचारलं, "उपडाच ठेवला?" मी हो म्हटलं. परत सुई चालू झाली. मंदा हे नाव मी उच्चारलं तेव्हा मात्र त्यांनी ब्लाऊज मांडीवर ठेवला आणि बाहेर हायवेकडं बघत बसल्या.

 मग म्हटलं, वहिनी, पुतळा करायचा का?

त्या म्हणाल्या, "भाऊजी, विचारताय का सांगताय?"

विचारतोय, म्हटलं.

"मग नको."  आणि एकदम बोलायला लागल्या. "ते मेले म्हणून मला सुटायचं न्हाई. ते मला सोडून गेले म्हणून सुटायचंय. तुम्ही पुतळा जाळला की मी विधवा. मग घोडेगावला गेले तरी लोक म्हणणार, बिचारी. मी बिचारी न्हाई, भाऊजी. बारा वर्षं सगळे म्हणतात त्यांचं काय झालं असंल, त्यांचं काय झालं असंल. त्यांनी माझं काय केलं, हे एकानंबी म्हटलं न्हाई."

डोळ्यात पाणी नव्हतं. आवाज मोठा नव्हता. हुक लावायला ब्लाऊज परत हातात घेतला. मी तिथं खुर्चीवर तसाच बसून राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं. दादा मेला असेल या विचारानंसुद्धा मला कधी आलं नव्हतं.

पुतळा झाला नाही. जुन्नरच्या कोर्टात वहिनींनी सोडून गेल्याच्या कारणावरून फारकतीचा अर्ज केला. वेळ लागला, पेपरात नोटीस द्यावी लागली, पण मिळाली. घोडेगावच्या माणसानं तोवर वाट बघितली, हे त्याचं मोठेपण. लग्न रजिस्टर झालं, नंतर ओझरला जाऊन गणपतीच्या पाया पडले. भावकी रुसली आणि जेवणाला सगळी आली. आता वहिनी तिकडंच दुकान चालवतात. परवा फोन आला होता, म्हणाल्या संक्रांतीला मी बोलवलं होतं, अख्खी आळी आली.

इथपर्यंत सगळं बरं झालं. माझ्या डोक्याचं मात्र काही बरं झालेलं नाही.

नारायणगावच्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ताणात माणूस भान नसताना कुठं तरी जाऊन येतो आणि त्याला आठवत नाही. म्हणजे त्या सकाळी रस्ता ओलांडून मीच गेलो, मीच कोरी प्यालो, मीच विचारलं. चला, मानलं. मनातलंच बोललो असेन. पण मग मी सिंगापूरला पोचायच्या आधीपासून तिथं रोज कोण बसत होतं? म्हातारा भ्रमिष्ट असेल. मग त्याला कपाची खोड कशी माहीत? शेठचा एक भाचा तिकडं नोकरीला आहे. शेठनी त्याला दोनदा त्या हॉलमध्ये पाठवलं. दोन्ही वेळा अंकलनं माझं कार्ड खिशातून काढून दाखवलं आणि सांगितलं, हा ना? आत्ताच गेला. भाचा म्हणतो, मामा, मला परत पाठवू नका.

दादाच असेल तर माझा व्रण त्याच्या तोंडावर कुठून आला? मीच असेन तर मी इथं पिंपरी पेंढारला सोयाबीनचं बियाणं कसं काय विकतोय? आणि दोघंही नसू तर तिसऱ्या कुणाला आमच्या वहिनींचं काय पडलंय? तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा. फक्त पितर, वासना, मुक्ती असलं काही लिहू नका. मेला असेल तर पितर, आणि तो मेला हे अजून कुणीही ठरवलेलं नाही.

विधी का रद्द केला हे आईला सांगावंच लागलं. मी तिला सगळं सांगितलं. व्रण, कप, शेठ, सगळं. तिनं त्यातलं एकच उचललं. आमच्याशी परत बोलायला लागली, जेवायला लागली. आता रोज सकाळी मी दुकानाला निघालो की दारात येते आणि विचारते, "त्यो बरा हाय ना रं तिथं?"

मी आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललेलो नाही, त्यापायी गिऱ्हाइकं तोडलीत. आईला मी रोज हो म्हणतो. आणि हे मी खोटं बोलतोय का खरं, तेवढंसुद्धा मला कळत नाही.